थोरली पाती, धाकटी पाती आणि तीनपाती

देवासच्या मराठी माणसाला पुण्याचे नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. "तुम्ही मूळचे कुठले?" हा पहिला आणि "तिकडे तुम्ही घरात मराठीच बोलता का?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पावणेतीनशे-तीनशे वर्षांपूर्वीचं असल्यामुळे आम्हालाच नीट ठाऊक नसतं, आणि दुसऱ्याचं उत्तर ऐकून ते हसतात. मागे एका लग्नात मी म्हणालो, "सध्या आम्ही लॉन सुधारून राह्यलो आहोत." पंगतीतल्या चार जणांनी जिलबी खाली ठेवली. त्यांना 'राह्यलो'चं हसू आलं होतं. खरी गंमत 'सुधारून'मध्ये आहे, ती त्यांना कळली नाही. माळव्यात भाजी चिरत नाहीत, सुधारतात. सुधारलेली भाजी पाच मिनिटांत कढईत असते. मी तो शब्द पुण्याच्या अर्थाने वापरला होता. लॉनचं झालं ते माळव्याच्या अर्थाने.

आमचं घर एकच आहे आणि त्यात दोन घरं आहेत. देवासमध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही. अठराव्या शतकात बाजीराव पेशव्यांच्या काळात तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू इथे आले आणि एकाच गावात दोन राज्यं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, राजवाडे दोन, दरबार दोन. काही रस्त्यांची एक बाजू थोरलीची असे, समोरची धाकटीची. दोन्ही राजांना इंग्रज सरकारकडून प्रत्येकी १५ तोफांची सलामी, म्हणजे एवढ्याशा गावाच्या नावावर ३० तोफा. टेकडीवर देवीसुद्धा दोन आहेत, थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा, आणि त्या बहिणींमध्येही एकदा बिनसलं होतं अशी कथा सांगतात. १९४८ साली दोन्ही राज्यं मध्य भारतात विलीन झाली. सवयी मात्र विलीनीकरणाच्या करारात नव्हत्या.

लॉनचं खूळ आमच्या घराण्यात थोरल्या पातीतून आलं. पणजोबा तिथे कारकून होते. १९२१ साली तुकोजीराव तिसरे यांचे खासगी चिटणीस म्हणून ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार काही महिने देवासला राहिले, आणि त्यांच्याकडे जी खाती आली त्यांत बागाही होत्या. त्या दिवसांवर त्यांनी पुढे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक काढलं. पणजोबांनी पुस्तकबिस्तक काही लिहिलं नाही. त्यांनी साहेबाला गवतावर खुर्ची टाकून बसलेलं पाहिलं, एवढंच. गवत गाईने खायचं असतं ही त्यांची तोवरची समजूत. गवताला पाणी घालायचं, ते वाढलं की कापायचं, कापलेलं गाईला न देता फेकून द्यायचं आणि उरलेल्यावर बसून चहा प्यायचा, हा क्रम त्यांच्या मनावर इतका ठसला की आजोबांनी घर बांधलं तेव्हा पायाच्या आधी लॉनची जागा आखली गेली. गवत मात्र विलायती नव्हे, आपली हरळीच. गणपतीच्या दूर्वांना बाहेर जावं लागू नये हा आजीचा हट्ट.

पुढे वाटण्या झाल्या. घराच्या मधून भिंत आली आणि लॉनच्या मधून तिरप्या विटांची एक रांग. विटांच्या उत्तरेला थोरल्या काकांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा. दक्षिणेला मी. गल्लीतली माणसं आम्हाला थोरली पाती आणि धाकटी पातीच म्हणतात. आम्ही रागावत नाही, कारण दोन घरांत मिळून एक शिडी आहे आणि तिच्यावरून रागावण्याची पुरेशी सोय आहे.

गेल्या आषाढात पहिले दोन पाऊस झाले आणि सकाळी दादाची हाक आली. "अरे, तुझ्याकडून काहीतरी आलंय."

विटांच्या दोन्ही बाजूंना, हरळीच्या आत, कुणीतरी हिरवी जाळी अंथरावी तसं काहीतरी पसरलं होतं. बोटभर उंचीची वेल, नाजूक देठ, प्रत्येक देठावर तीन पानं, आणि मधून मधून पाच पाकळ्यांची चिमुकली पिवळी फुलं. दिसायला इतकं गोड की पहिले आठ दिवस मी त्याला पाणी घातलं.

"माझ्याकडून कशावरून?" मी म्हणालो.

"तुझ्याकडे जास्त आहे."

"तुझं कमी असेल तर ते पळून माझ्याकडे आलेलं आहे."

असा वाद होऊ लागला की शत्रूचं नाव आधी ठरवावं लागतं. इथेच पहिली अडचण आली. दादाच्या नातवाने फोनवर फोटो काढला आणि फोनने सांगितलं की हे क्लोव्हर आहे, आयर्लंडमध्ये फार शुभ मानतात. दादाला आयर्लंडशी वैर पत्करायचं नव्हतं, म्हणून त्याने शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले तीनपतिया. दूधवाला म्हणाला, खट्टी बूटी. मोलकरीण म्हणाली, "कई भी नी है, घास है." शेवटी वहिनी बाहेर आल्या, वाकल्या, एक पान तोडलं, तोंडात टाकलं, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "आंबुशी."

ओळखण्याची ही एकच खरी पद्धत आहे. पुस्तकात सांगतात की क्लोव्हरचं पान अंड्यासारखं गोल आणि त्यावर पुष्कळदा पांढरट चंद्रकोर, आंबुशीचं पान बदामाच्या आकाराचं, वरच्या कडेला मध्ये खाच. क्लोव्हरच्या फुलांचा गेंद असतो, आंबुशीची फुलं पिवळी आणि सुटी. हे सगळं बरोबर आहे, पण वयाची पन्नाशी उलटल्यावर गवतात पालथं पडून खाच शोधणं जमत नाही. जीभ मात्र शाबूत असते. ऑक्झॅलिक आम्लामुळे येणारी ती स्वच्छ, दात आंबवणारी चव शाळेच्या मधल्या सुट्टीत एकदा घेतलेला माणूस जन्मात विसरत नाही. (मूतखडा असलेल्यांनी ओळख फोटोवरूनच पटवावी. दादाला मूतखडा आहे, म्हणूनच तो आयर्लंडपर्यंत गेला.)

शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा. जगभर सगळीकडे आहे, आणि सगळीकडे असल्यामुळेच ती मुळात कुठली यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचं एकमत होत नाही. हे वाचल्यावर मला तिच्याबद्दल पहिल्यांदा थोडी आपुलकी वाटली. तिलाही पुण्याचे नातेवाईक असणार.

दुसऱ्या दिवशी मी खताच्या दुकानात गेलो. सोयाबीनचा हंगाम ऐन भरात होता आणि दुकानात माळव्यातला निम्मा शेतकरी उभा होता. माझा नंबर आला.

"भिया, चौड़ी पत्ती की है के सकरी पत्ती की?"

तणांच्या दुनियेतली मोठी विभागणी ही आहे: रुंद पानाची, अरुंद पानाची, आणि लव्हाळ्याची तिसरी जात. शास्त्राप्रमाणे आंबुशी रुंद पानात मोडते. आता माझ्या अंगठ्याच्या नखाखाली तिची तिन्ही पानं झाकली जातात, आणि तिला मी भर दुकानात 'चौड़ी पत्ती' म्हणायचं! पण शास्त्रापुढे इलाज नाही. रुंद म्हणजे मोठं नव्हे, रुंद म्हणजे गवतासारखं नसलेलं. मी मान खाली घालून म्हणालो, "चौड़ी."

"सोयाबीन कित्ते दिन की है?"

"सोयाबीन नहीं, लॉन है."

"हाँ, पर कित्ते दिन की?"

"साठ साल का है."

त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं. "साठ? फिर तो लेट हो गए भिया. पंद्रा-बीस दिन में मारना था."

मागच्या शेतकऱ्यांनीही माना हलवल्या. एकाने समजूत घातली, की पुढच्या साली वेळेवर यावं.

त्यातल्या एका जाणत्याने मला बाजूला घेऊन विद्या दिली, ती इथे नोंदवून ठेवतो. गव्हात बथुआ मारायला जे टू-फोर-डी वापरतात, ते गवताच्या कुळाला सहसा धक्का लावत नाही आणि रुंद पानाला मारतं. गहूही गवत आणि हरळीही गवत, तेव्हा लॉनलाही तेच तत्त्व. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडलेलं हे औषध वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाचं सोंग घेतं. झाड वाढायला लागतं, नको तितकं, वेडंवाकडं वाढतं, देठ पिळवटतात आणि ते वाढून वाढून मरतं. आमच्या थोरल्या काकांचा ट्रान्सपोर्टचा धंदा असाच बसला, त्यामुळे मला पटकन समजलं. पण त्याच जाणत्याने पुढे सांगितलं, की बथुआ जितका सहज मरतो तितकी ही तीनपतिया मरत नाही. पानं सुकतात, आठ दिवस शोक पाळतात, आणि मुळाशी पुन्हा हिरवी होतात. शिवाय वारा सुटला तर शेजारच्या गुलाबावर, टोमॅटोवर, मिरचीवर आधी परिणाम दिसतो. विटांपलीकडे वहिनींचे टोमॅटो होते. मी रिकाम्या हातांनी परतलो. शेजारधर्म म्हणून नव्हे. त्या टोमॅटोंचं सार आमच्याकडे येतं.

दादाने मात्र दोन प्रयोग केले. पहिला घरगुती. कुठेतरी त्याने वाचलं, की व्हिनेगर आणि मीठ फवारलं की तण जळतं. जी वनस्पती स्वतःच आंबट आहे तिला व्हिनेगर देणं म्हणजे हलवायाच्या घरी पेढे नेण्यासारखं आहे, हे मी सांगून पाहिलं. तरी एका संध्याकाळी त्याने फवारलं. तासाभराने विटांपलीकडून विजयाची आरोळी आली. मी जाऊन पाहिलं, तर खरोखरच सगळी पानं खाली वाकून, घड्या घालून, मान टाकून पडली होती.

"अर्ध्या तासात खलास," दादा म्हणाला आणि त्या रात्री जेवणानंतर त्याने दोन रसगुल्ले खाल्ले.

मी माझ्या बाजूला टॉर्च मारला. माझीही सगळी आंबुशी मान टाकून पडली होती, आणि मी तिला काहीच केलं नव्हतं. आंबुशी अंधार पडला की पानं मिटते आणि सकाळी उघडते. कडक ऊन पडलं की दुपारचीही छत्री मिटते. सकाळी सात वाजता दोन्ही पात्यांमधली आंबुशी डोळे चोळत उठली. दादाकडे कडेची थोडी पानं करपली होती, आणि मीठ पडलं तिथली हरळी कायमची गेली होती.

दुसऱ्या प्रयोगाबद्दल दादाच्या वयाचा मान राखून थोडक्यात सांगतो. त्याने कुणाच्या तरी शेतातून 'सगळं मारणारं' औषध आणलं. त्याला वाटलं, सगळं मारतं म्हणजे सगळी तणं मारतं. ते सगळं मारतं म्हणजे सगळंच मारतं. पंधरा दिवसांत त्याच्या लॉनवर पिवळे पट्टे उमटले. पट्ट्यांवरून दादा त्या दिवशी कुठे कुठे गेला, कुठे थांबला, कुठे फोन आला म्हणून वळला, हे सगळं वाचता येत होतं. मोकळ्या झालेल्या जमिनीवर महिन्याच्या आत सर्वांत आधी कोण उगवलं हे सांगायला नको.

आता तोफांची गोष्ट. फूल गळलं की आंबुशीला शेंग येते, लहानशा भेंडीसारखी, पाच धारांची, मेणबत्तीसारखी ताठ उभी. पिकली की तिला नुसता धक्का पुरतो. आतल्या प्रत्येक बीवर एक लवचीक वेष्टण असतं. ते ताणून ताणून एका क्षणी उलटं होतं आणि बी उडवतं, चांगलं मीटर-दोन मीटर लांब. हा शोध माझ्या मुलीने आणि दादाच्या नातवाने लावला. श्रावणातल्या एका दुपारी दोघं विटांच्या दोन बाजूंना पालथी पडली होती आणि काडीने शेंगांना टोचत होती. तड्, तड्. बी विटांवरून पलीकडे. पलीकडून तड्, तड्, बी अलीकडे. मुलगी मोठ्याने मोजत होती. मी पडवीत चहा पीत ऐकत होतो. बरोब्बर पंधरा झाल्यावर तिच्या शेंगा संपल्या. मग पलीकडून पंधरा झाल्या. १९४८ नंतर दोन्ही पात्यांना एकाच दिवशी पूर्ण सलामी बहुधा पहिल्यांदाच मिळाली असावी. "कुणाकडून आलं" हा आमच्या आषाढातला वाद त्या दुपारी तांत्रिकदृष्ट्या निकालात निघाला. एवढंच, की आम्ही वाद घालत होतो तेव्हाही शेंगा काम करत होत्या, आणि आमचे पाय लागून करत होत्या.

नेमकं त्याच आठवड्यात आम्ही धारला गेलो. हिचं माहेर तिथे. देवासहून इंदूर आणि इंदूरहून धार, म्हणजे एका पवारांच्या राज्यातून होळकरांना वळसा घालून दुसऱ्या पवारांकडे. सासरे संस्कृतचे निवृत्त शिक्षक, आणि धारचा संस्कृतचा शिक्षक म्हणजे त्याला चालू घडामोडी तेराव्या शतकापर्यंतच्या ठाऊक असतात. मी लॉनची कहाणी सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"जावईबापू, तिला चांगेरी म्हणतात. चरकात चांगेरीघृत आहे. तुम्ही औषधावर औषध मारताय."

मग ते मूळ विषयाकडे वळले, म्हणजे धारच्या परमार राजा अर्जुनवर्म्याकडे. १९०३ साली इथल्या भोजशाळेत एक काळी शिळा सापडली. धार संस्थानचे काशिनाथ कृष्ण लेले यांच्या पुढाकाराने ती उजेडात आली. तिच्यावर मदन कवीची 'पारिजातमञ्जरी' नावाची नाटिका कोरलेली आहे, अर्जुनवर्म्याच्या दरबारातली. राजाच्या छातीवर पारिजाताची मंजिरी पडते, तिची युवती होते, आणि राजा तिला धारागिरीवरच्या उद्यानात ठेवतो, राजमाळ्याच्या स्वाधीन. त्या माळ्याचं नाव कुसुमाकर.

"धारच्या इतिहासात नावानिशी नोंदलेला माळी तो," सासरे म्हणाले. "आणि त्याचं काम काय, तर राजाची प्रेयसी सांभाळणं."

"तण कधी काढायचा?" मी विचारलं.

सासरे गंभीर झाले. नाटिकेचे चार अंक असतात. शिळेवर दोनच मिळाले. दुसरी शिळा मिळालेली नाही. "निंदणी तिसऱ्या अंकात असणार," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पाहून मला विनोद आहे की संशोधन हे ठरवता आलं नाही.

तिथून गप्पा गाजर गवतावर गेल्या, कारण तणाचा विषय निघाला की भारतात तो गाजर गवतावर जातोच. सासऱ्यांचे शेजारी अजूनही सांगतात, की ते अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हातून आलं. करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये आणि पुण्यात ते त्याआधीच दिसलेलं होतं, पण गोष्ट इतकी जमून आली आहे की तारखेखातर कुणी सोडायला तयार नाही. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगाही १९८०च्या दशकात मुद्दाम आणला, आणि आपल्याच जबलपूरला तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, ती दर ऑगस्टमध्ये गाजर गवताचा जागृती-सप्ताहही पाळते. माझं लक्ष एवढ्यावरच अडकलं, की ते पुण्यात दिसलं आणि तिथून देशभर गेलं. "म्हणजे आपल्यासारखंच," मी म्हणालो. सासऱ्यांना ते आवडलं नाही. ते स्वतःला परमारांच्या काळापासूनचे धारचे समजतात.

खरं ज्ञान मला मागच्या अंगणात मिळालं. सासूबाई तुळशीवृंदावनाच्या फटीतून आंबुशी खुडत होत्या. मूठभर पाला पितळी तांब्यावर चोळला, थोडं मीठ, वर पाणी. काळवंडलेला तांब्या मिनिटाभरात कालच कासाराकडून आणल्यासारखा दिसू लागला. आम्लच ते, गंज उतरवणार नाही तर काय करणार. उरलेल्या पानांची त्यांनी हिरव्या मिरचीबरोबर चटणी वाटली.

"तुमच्याकडे वाढत नाही का हो फार?" मी विचारलं.

"वाढते कसली, पुरत नाही," त्या म्हणाल्या.

धारहून परतताना हिने गुलाबाच्या कुंडीचा विषय काढला नसता तर बरं झालं असतं. "अहो," ती गाडीत म्हणाली, "वैशाखात आपण रोपवाटिकेतून तो गुलाब आणला, त्याच्या कुंडीत ती पिवळी फुलं होती ना? तुम्ही म्हणालात, एकावर एक फुकट." मी खिडकीबाहेर पाहिलं. आंबुशी गावोगाव जाते ती मुख्यतः अशीच, रोपवाटिकेच्या कुंडीत बसून, तिकीट न काढता. हे मी नंतर वाचलं. दादाने अजून वाचलेलं नाही.

शेवटी उपाय केला तो माळीबाबांनी. ते आठवड्यातून एकदा येतात आणि कुठलंही काम आज करायचं नसतं हे त्यांचं ब्रीद. मी खुरपं घेऊन सज्ज होतो. ते म्हणाले, "अबी हाथ मत लगाव साब. बतर आने दो."

बतर म्हणजे आपला वापसा. आमच्याकडची काळी माती ओली असते तेव्हा बुटाला सोडत नाही, सुकली की खुरप्याला शिरू देत नाही. ओल्यात उपटायला जावं तर आंबुशी हातात न येता पायाखाली दीड किलो देवास येतं. कोरड्यात ओढावं तर वरचा पाला तुटतो आणि मूळ आत हसत राहतं. मधले दोन दिवस खरे. त्या दोन दिवसांत माळीबाबांनी जे केलं ते पाहून मी माझ्या दोन महिन्यांचा हिशोब मांडला आणि गप्प बसलो. आधी एक जुनी पिशवी घेऊन ते फक्त शेंगा खुडत फिरले, हळू, झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसे. मग खुरपं मधल्या मुळाच्या खाली घालून ते उचललं आणि तिथून निघालेली प्रत्येक वेल बोटाने शोधत नेली. ही वेल जमिनीला जिथे टेकते तिथे पेरापेरावर मूळ धरते. एक तुकडा राहिला तरी तो नवं संस्थान स्थापतो. काढलेलं सगळं खतात न टाकता त्यांनी उन्हात वाळवलं. आणि मला आज्ञा केली, की घास इतकी बारीक काटू नका.

हा माझा मर्मस्थानी वार होता. मी लॉन नेहमी जमिनीसरसं कापतो, टेनिस कोर्टासारखं, पणजोबांच्या साहेबासारखं. पण कापण्याने आंबुशीचं काही जात नाही, ती आधीच झुकून असते. डोकं जातं ते हरळीचं. तिची उंची दोन-अडीच इंच ठेवली तर खाली सावली पडते आणि आंबुशीच्या बियाण्याला ऊन मिळत नाही. रोज शिंपडण्यापेक्षा चार दिवसांनी भरपूर पाणी द्यावं, म्हणजे वरचा थर सुकतो, हरळीची मुळं खोल जातात. पिवळ्या पट्ट्यांत आणि मोकळ्या झालेल्या जागांत माळीबाबांनी हरळीच्या काड्या लावल्या, विटांच्या दोन्ही बाजूंना, एकाच मजुरीत. मजुरी कुणी किती द्यायची यावर भाद्रपद गेला.

आश्विन आला. नवरात्रात देवास म्हणजे काय हे ज्याने टेकडीखालची गर्दी पाहिली आहे त्यालाच कळेल. घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी लाऊडस्पीकर सुरू झाले होते, आणि ही हातात पितळी समई घेऊन आली.

"अहो, देव घासायचे आहेत. थोडी आंबुशी आणा."

मी लॉनवर गेलो. हरळी अशी दाट, की पाय रुतावा. पाच मिनिटं फिरलो, एकही पान दिसलं नाही. साठ वर्षांत आमचं लॉन इतकं शुद्ध कधीच नव्हतं. ती म्हणाली, "दादांकडे बघा ना. त्यांचं काही नीट होत नाही."

ताटली घेऊन मी विटांपाशी गेलो, तर पलीकडे दादा टॉर्च घेऊन वाकलेला. मागे वहिनी, हातात काळवंडलेली निरांजनं.

"भावजी, तुमच्याकडे असेल ना थोडी?" वहिनी म्हणाल्या.

"आमच्याकडे?" मी ताठ झालो. "आमच्याकडे एक पान नाही."

"आमच्याकडेही नाही," दादा त्याहून ताठ होत म्हणाला. एवढ्यात त्याच्या टॉर्चचा झोत विटांच्या रांगेवर पडला. दोन विटांच्या फटीत, जिथे खुरपं शिरत नाही आणि माळीबाबांना जायचं कारण नाही, तिथे ती होती. पानं मिटून शांत झोपलेली, चांगली ओंजळभर, आणि वर ताठ उभ्या शेंगा.

"ही आमची," दादा म्हणाला.

"विटा सामाईक आहेत," मी म्हणालो.

"विटांचे पैसे कुणी दिले होते ते वाटणीपत्रात आहे. थांब, कपाटाची किल्ली आणतो."

तो आत गेला. वहिनींनी निरांजनं खाली ठेवली, फटीत हात घातला आणि मुळासकट एक झुबका ओढला. तडतड झाली. थोडं बी इकडे उडालं, थोडं तिकडे. अंधारात नीट दिसलं नाही, पण वाटणी अगदी चोख झाली असावी.